पांढरं बंद

किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत हल्ली एक नवा वाचकवर्ग दिसू लागला आहे. चष्मा कपाळावर, पाकीट नाकाला टेकलेले आणि ओठ पुटपुटत असलेले. शेजारून ढकलगाड्या जातात, मागे कुणाचे तरी पोर चॉकलेटसाठी जमिनीवर आडवे झालेले असते, पण वाचकाची समाधी भंगत नाही. ज्या माणसाने शाळेत धड्याखालच्या टिपा कधी वाचल्या नाहीत, विम्याच्या कागदांवर फुली दिसेल तिथे डोळे मिटून सह्या केल्या, तोच माणूस बिस्किटाच्या पुड्यामागचा मजकूर अथपासून इतिपर्यंत वाचत असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सतरा सूत्रे प्रसिद्ध केली. त्यातले सतरावे सूत्र हेच आहे: पाकिटावरचे लेबल वाचा. पहिल्या सोळा सूत्रांना लागणारे कष्ट पाहून अनेकांनी शेवटाकडून सुरुवात केलेली दिसते.

अशाच एका वाचकाची ही हकीकत. त्यांचे नाव सांगण्याचे कारण नाही. पुण्याच्या कुठल्याही उपनगरात, कुठल्याही सोसायटीत, कुठल्याही मजल्यावर ते राहतात. मूळ गाव सोलापूर जिल्ह्यात, नोकरी बसून करायची, वय पन्नाशीच्या आसपास आणि पट्ट्याला घरी पाडलेले एक जादा भोक.

तर हे गृहस्थ एका संध्याकाळी सात धान्यांच्या बिस्किटांचा पुडा हातात घेऊन उभे होते. पुढच्या बाजूला सात कणसे, उगवता सूर्य आणि ओंजळभर दाणे होते. मागच्या बाजूला साहित्याची यादी होती. आपल्याकडच्या नियमानुसार ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणजे जे सर्वांत जास्त ते पहिले. पहिला होता मैदा. मग साखर. मग पाम तेल. सातही धान्ये त्यांच्या मागे दाटीवाटीने उभी होती आणि त्यांच्या पाठीला मीठ लागले होते.

गृहस्थांनी दुकानातल्या पोराला हाक मारली.

"अरे, यात तर मैदा आहे."

"काका, मैदा गव्हाचाच असतो."

"बरं. मग बाकीची सहा धान्यं?"

"आहेत ना. चित्रात बघा."

गृहस्थांनी चित्र पुन्हा पाहिले, सहाही धान्ये मोजून घेतली आणि पुडा गाडीत टाकला. सूत्रात वाचायला सांगितले होते. वाचून झाले होते.

त्यांना या वाचनाकडे वळवले ते रक्ताच्या तपासणीने. तपासणीच्या आधी दोन दिवस त्यांनी गोड सोडले होते, कधी नव्हे ते चालायलाही गेले होते. पण एचबीए-वन-सी नावाची ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. तिला दोन दिवसांचे सोवळे दिसत नाही; गणपतीतले मोदक, दसऱ्याचे श्रीखंड आणि ऑफिसातल्या बढत्यांचे पेढे मात्र सगळे दिसतात. डॉक्टरांनी एक नजर अहवालावर टाकली, एक गृहस्थांच्या पोटावर टाकली, आणि बाहेरची गर्दी लक्षात घेऊन दोन शब्दांत उपचार सांगितला.

"पांढरं बंद."

"म्हणजे?"

"मैदा, साखर, पॉलिशचा तांदूळ. नेक्स्ट!"

रिक्षा घरी पोहोचेपर्यंत यातली तीन नावे वाटेत सांडली आणि रंग तेवढा शिल्लक राहिला. रात्री स्वयंपाकघरात पंचनामा झाला. दही पांढरे. ताक पांढरे. मुळा, लसूण, फ्लॉवर, खोबरे आणि अंड्याचा निम्माशिम्मा भाग, सगळे संशयित. उलट चॉकलेटची बिस्किटे, कोला, गुलाबजाम आणि कांदाभजी यांच्या रंगाबद्दल कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. मातोश्री दिवाणावर बसून हा सगळा प्रकार बघत होत्या.

"आणि मी?" त्यांनी पांढऱ्या अंबाड्यावरून हात फिरवत विचारले. "मला ठेवणार का न्हाई घरात?"

तपकिरी म्हणजे पौष्टिक, हा शोध काही एकट्या गृहस्थांचा नाही. अर्ध्या बाजाराची उलाढाल याच श्रद्धेवर चालते. बेकरीत गेले की पांढऱ्या पावाकडे आता कुणी ओळख दाखवत नाही. सगळ्यांना ब्राउन ब्रेड हवा असतो. बऱ्याच ब्राउन ब्रेडमध्येही मुख्य वस्तू मैदाच असतो आणि तपकिरी छटा येते ती कॅरमेलच्या रंगातून. यादीच्या तळाशी १५० हा आकडा दिसला की तो हाच रंग. पाव तोच, फक्त उन्हात फिरून आल्यासारखा दिसतो. गृहस्थांना हे कळायला वेळ लागला, कारण बेकरीतला संवाद वेगळ्याच पातळीवर चालला होता.

"ब्राउन देऊ, मल्टिग्रेन देऊ की होल व्हीट?"

"फरक काय आहे त्यांच्यात?"

"दहा-दहा रुपयांचा."

डायजेस्टिव्ह बिस्किटांचेही तेच. हे नाव एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये पडले, कारण त्यात खाण्याचा सोडा असे आणि सोड्याने पचन सुधारते अशी त्या काळी समजूत होती. समजूत गेली, नाव राहिले. आपल्याकडच्या अशा कित्येक पुड्यांवर यादीत पहिला मान मैद्याचाच असतो. पण नावातच पचन असल्यामुळे गृहस्थ ती जेवणानंतर औषध म्हणून घेत. औषध चहात बुडवून घ्यायचे होते, आणि चहा गुळाचा होता.

गुळाची कथा स्वतंत्र आहे. साखर बंद म्हटल्यावर गृहस्थांनी कोल्हापूरहून गुळाची ढेप मागवली. गूळही त्यांनी रंग बघूनच निवडला, आणि इथे मात्र त्यांचा सिद्धान्त योगायोगाने बरोबर निघाला. पिवळाधमक गूळ दिसायला देखणा असतो, पण तो देखणेपणा पुष्कळदा हायड्रोससारख्या रसायनाने आणलेला असतो. जुन्या गुऱ्हाळांत रसातली मळी काढायला भेंडीच्या झाडाचा बुळबुळीत रस वापरत. तसा गूळ काळपट उतरतो. गृहस्थांनी काळाकुट्ट गूळ मिळवला आणि आनंदाने तिप्पट खाल्ला. सकाळी गुळाचा चहा, दुपारी गूळ-शेंगदाणे, रात्री जेवणानंतर खडा. शंभर ग्रॅम साखरेत चारशेच्या आसपास कॅलरी असतात आणि गुळात त्याहून थोड्याच कमी. गुळातही बहुतांश साखरच असते. लोह आणि इतर क्षार थोडे जास्त, इतकाच काय तो फरक. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विचारले, "साखर बंद आहे ना?"

"संपूर्ण!" गृहस्थ छाती काढून म्हणाले. "महिन्याला तीन किलो गूळ लागतो आता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि पहिल्यांदाच त्यांना पूर्ण पाच मिनिटे दिली.

घरातली शास्त्रीय बाजू कन्या सांभाळत असे. ती जीवशास्त्र शिकत होती आणि वडिलांना नवा छंद लागल्यापासून तिच्या अभ्यासक्रमाला घरी श्रोते मिळाले होते. एका रविवारी, हातसडीचा तांदूळ शिजण्याची वाट बघत सगळे बसलेले असताना (कुकरच्या शिट्ट्या मोजायचे आता सगळ्यांनी सोडले होते), तिने कोंबड्यांची गोष्ट सांगितली.

१८९० च्या आसपास जावा बेटावर, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, बेरीबेरीने माणसे पटापट मरत होती. पायातली शक्ती जाई, हृदय थकत जाई. ख्रिस्तियान आयक्मन हा डच डॉक्टर बटाव्हियाच्या लष्करी रुग्णालयात या रोगाचे जंतू शोधत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्याही अचानक लुळ्या पडू लागल्या. ज्यांना जंतू टोचले त्या पडल्या आणि ज्यांना काहीच टोचले नव्हते त्याही पडल्या. पुढे काही महिन्यांनी सगळ्या आपोआप टुणटुणीत झाल्या. चौकशी केली तेव्हा रहस्य स्वयंपाकघरात सापडले. मधल्या काळात कोंबड्यांना रुग्णालयाच्या भटारखान्यातला उरलेला, पॉलिश केलेल्या तांदळाचा पांढराशुभ्र भात घातला जात होता. मग आचारी बदलला. नव्या आचाऱ्याने स्पष्ट सांगितले की लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना मिळणार नाही. कोंबड्या पुन्हा साध्या, कोंड्यासकटच्या तांदळावर आल्या आणि बऱ्या झाल्या.

"म्हणजे औषध कोंड्यात होतं," कन्या म्हणाली. "आयक्मनला आधी वाटलं की तांदळात विष आहे आणि कोंड्यात त्याचा उतारा. नंतर कळलं की विष वगैरे काही नव्हतं. कोंड्याबरोबर बी-वन जीवनसत्त्व फेकलं जात होतं. त्याला १९२९ मध्ये नोबेल मिळालं."

"आणि त्या आचाऱ्याला?" सौभाग्यवतींनी विचारले. रोजचा स्वयंपाक ज्यांच्याकडे असतो त्यांना इतिहासातला अन्याय लगेच दिसतो.

"आचाऱ्याचं नाव काही कुठे सापडत नाही."

"वाटलंच होतं."

मग कन्येने गव्हाच्या दाण्याची आकृती काढली. बाहेर कोंडा, टोकाला अंकुर, आत पिठूळ गाभा. कोंडा आणि अंकुर मिळून दाण्याचा साधारण सहावा हिस्सा भरतो. तंतू, ब जीवनसत्त्वे, लोह, मॅग्नेशियम यांचा मोठा वाटा तिथेच असतो. मैदा करताना नेमका हा सहावा हिस्सा बाजूला काढतात. तो गुरांच्या पेंडीत जातो, किंवा सुंदर डब्यात भरून पचनासाठी उत्तम म्हणून गृहस्थांसारख्यांना परत विकला जातो. गृहस्थांच्या कपाटात असा एक डबा होता. ते सकाळी मैद्याचा टोस्ट खात आणि वर चमचाभर कोंडा पाण्यातून पीत. दाण्याचे दोन्ही भाग वेगवेगळ्या दुकानांतून विकत घेऊन पोटात पुन्हा एकत्र आणण्याची ही पद्धत महाग असली, तरी ती आधुनिक होती.

"गोव्यात बरं आहे," गृहस्थ म्हणाले. मागे एका लग्नाला ते गोव्याला गेले होते. तिथे पहाटे सायकलचा भोंगा वाजवत पोदेर येतो आणि त्याच्या टोपलीत पोई असते. मधे पोकळ, वरून कोंडा लावलेली, कणकेचा अंश असलेली. तिच्या पौष्टिकतेवर गृहस्थ इतके खूश झाले होते की त्यांनी ती लोण्यात भिजवून खाल्ली आणि वरातीला उशिरा पोहोचले.

कुकर उघडला. भात अजून चावत होता. मातोश्रींनी पहिला घास तोंडात घोळवला आणि म्हणाल्या, "त्या कोंबड्यांना दात नव्हते, तरी त्यांनी गिळला. मला बी न्हाईत."

दुसऱ्या दिवसापासून कन्येने वर्गीकरण आणले. ब्राझीलच्या साव पावलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेरो आणि त्यांचे सहकारी अन्नाकडे पोषणद्रव्यांच्या नव्हे, प्रक्रियेच्या बाजूने बघतात. त्यांनी मांडलेल्या नोव्हा वर्गीकरणात अन्नाचे चार गट आहेत. पहिल्यात धान्य, भाजी, दूध, अंडी असे जवळपास जसेच्या तसे अन्न. चौथ्यात कारखान्यात बेतलेले अतिप्रक्रियायुक्त पदार्थ. ओळखण्याची सोपी खूण अशी की यादीत घरच्या फडताळात नसणारी वस्तू दिसली, म्हणजे माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, इमल्सिफायर वगैरे, की चौथा गट समजावा.

गृहस्थांना धाड घालायला एवढे निमित्त पुरले. सॉस गेला. झटपट सूप गेले. कन्या लहान असताना तिच्या उंचीसाठी आणलेली आणि पुढे गृहस्थच चमच्याने कोरडी खात असलेली पावडर गेली. फ्रीजवर सतरा सूत्रांची छापील प्रत होती, तिच्यावर फरसाणाचा डबा ठेवलेला होता. डबा गेला (शेजारच्या खोलीत). शेवटी गृहस्थांच्या हाताला मिसळणाच्या डब्याशेजारची हिंगाची डबी लागली आणि त्यांनी सवयीने तिचीही पाठ वाचली.

"हिंगात मैदा!" ते ओरडले. सौभाग्यवती गॅस बंद करून धावत आल्या.

गोष्ट खरी होती. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो तसाच फोडणीत टाकता येत नाही. म्हणून बाजारातला बांधणीचा हिंग डिंक आणि पीठ मिसळून करतात आणि ते पीठ पुष्कळदा मैद्याचे असते. गृहस्थ खुर्चीवर बसले. आजवर वरणात, आमटीत, ताकात, म्हणजे पथ्याच्या प्रत्येक पदार्थात, शत्रू चिमटीचिमटीने घरात येत होता.

"आरं, चिमूटभर हिंगातला मैदा शोधलास," मातोश्री म्हणाल्या, "आन् परवा लग्नात जिलब्या किती खाल्ल्यास?"

"आठ."

"त्या काय नाचणीच्या होत्या?"

मातोश्रींचा युक्तिवाद बिनतोड असे. त्यांची हार फक्त एकाच दिवशी होई, एकादशीला. त्या दिवशी गृहस्थांच्या हातात पुरावा होता. साबुदाणा हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला कसावा नावाच्या कंदाचा स्टार्च. कंद किसून, धुऊन, त्यातले तंतू गाळून, उरलेला निव्वळ पांढरा सत्त्वांश गोळ्या वळून भाजायचा. आपल्याकडचा बराचसा साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमच्या बाजूने येतो. शंभर ग्रॅम साबुदाण्यात प्रथिने एक ग्रॅमही भरत नाहीत. म्हणजे वर्षभर ज्वारी-बाजरी खाणारा मराठी माणूस देवासाठी म्हणून नेमका सर्वांत परिष्कृत पदार्थ निवडतो, त्यात बटाटा घालतो, वर तूप सोडतो आणि त्याला उपवास म्हणतो. त्याच उपवासाला चालणारी भगर, राजगिरा, शिंगाडा ही मंडळी त्या दिवशी घरीच असतात, पण त्यांना कुणी विचारत नाही.

गृहस्थांनी हे सगळे आषाढी एकादशीला सकाळी, आकडे देऊन, मातोश्रींना समजावून सांगितले. मातोश्रींनी शांतपणे ऐकून घेतले. खिचडी झाली होती. शेंगदाण्याचा कूट, मिरचीचे तुकडे, कोथिंबीर, कडेला लिंबाची फोड. वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला होता.

"मग तुला भगर लावू का?" मातोश्रींनी विचारले.

गृहस्थ विचारात पडले. "आज राहू दे," ते म्हणाले. "देवाचं आहे."

दरम्यान देशात भरडधान्यांचे दिवस फिरले होते. २०१८ हे वर्ष भारताने भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. मग भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर केले. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत खासदारांना ज्वारी-बाजरीचे जेवण वाढले गेले आणि पुढच्याच अर्थसंकल्पात या धान्यांना 'श्री अन्न' अशी पदवी मिळाली. ही बातमी गृहस्थांनी मोठ्याने वाचली तेव्हा मातोश्री चष्मा पुसत होत्या.

"श्री? ज्वारीला?"

"हो. आता मान आहे तिला."

मातोश्री बराच वेळ हसल्या. त्यांना बहात्तरचा दुष्काळ आठवत होता. तेव्हा अमेरिकेतून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी रेशनवर मिळे आणि दुष्काळी कामांवर सुकडी वाटत. त्या मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे. गावात ज्याच्या घरी गव्हाची पोळी रोज होते तो श्रीमंत, इतका सरळ हिशोब होता. पोळी सणाला आणि पाहुण्याला. भाकरी आपल्याला. "आम्ही जाडंभरडं खात होतो तवा कुणी आम्हाला हेल्थ कॉन्शस म्हटलं न्हाई," मातोश्री म्हणाल्या. हा शब्द त्यांनी नातीकडून घेतला होता.

सोसायटीनेही मागे राहायचे नाही असे ठरवले. क्लब हाउसमध्ये आहारतज्ज्ञ बाईंचे व्याख्यान झाले. बाई चांगल्या बोलल्या. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, धान्य जितके बारीक दळावे तितकी त्यातली साखर रक्तात लवकर उतरते, मोड आणल्याने कडधान्यातले लोह अंगी लागायला मदत होते, थालीपिठाची भाजणी म्हणजे आपल्या आज्यांनी जाहिरात न करता केलेले मल्टिग्रेन पीठ, असे बरेच काही त्यांनी सांगितले. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची बँक कशी उभी केली आणि त्यांना पद्मश्री कशी मिळाली, तेही सांगितले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मग प्रश्नोत्तरे झाली. पहिला हात गृहस्थांचा होता.

"मॅडम, नाचणीचं बिस्किट चालेल का?"

"नाचणीची भाकरी खा ना."

"ते बरोबर आहे. पण बिस्किट?"

"सकाळी आंबील घ्या. सोपं आहे."

"घेऊ की. मग त्या आंबिलाबरोबर बिस्किट..."

बाईंनी पाणी प्यायले. मागच्या रांगेतून एकांनी नाचणीचे चिप्स विचारले, दुसऱ्यांनी ज्वारीच्या पिझ्झा बेसची चौकशी केली. एका काकूंना बाजरीचा असा केक हवा होता की ज्यात बाजरी लागणार नाही. भाकरीविषयी कुणी काही विचारले नाही. कार्यक्रमानंतर अल्पोपाहार होता आणि सचिवांनी फार वेळ मिळाला नाही म्हणून समोरच्या दुकानातून कचोरी आणली होती. ती लाकडी घाण्याच्या तेलात तळलेली असल्याचे त्यांनी माइकवरून दोनदा जाहीर केले.

बिस्किटाचा नाद सुटेना, पण घरात आता भाकरी सुरू झाली. ती करणार मावशी. मावशी पोळ्यांना होत्या. त्यांचे माहेर मंगळवेढ्याकडचे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या काळ्या रानातली मालदांडी पांढरीशुभ्र, टपोरी आणि चवीला गोडसर असते. मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात निवडलेला मालदांडीचा वाण अजूनही रब्बीत पेरला जातो. गृहस्थांनी गावाहून पोते मागवले आणि उघडल्यावर त्यांचा चेहरा पडला. ज्वारी पांढरी होती. मालदांडीचे सगळे मोठेपण ज्या रंगात, तोच रंग त्यांच्या पथ्याच्या यादीत पहिला होता. शेवटी कन्येने डॉक्टरांना फोन लावून लेखी परवानगी मिळवली.

मग मावशींशी दराची बोलणी झाली.

"पोळीला जे देतो तेच भाकरीला धरू," गृहस्थ म्हणाले.

"न्हाई परवडत दादा. पोळी लाटायची. भाकरी थापायची, तव्यावर टाकायची, पाण्याचा हात फिरवायचा, मग विस्तवावर शेकायची. भाकरीला जास्त पडतील."

"अहो, भाकरी तर गरिबाचं जेवण!"

"व्हतं," मावशी म्हणाल्या. "आता गरिबाला रेशनचा गहू-तांदूळ हाय. भाकरी तुमच्यासारख्यांला लागती."

गृहस्थांनी चौकात जाऊन पोळी-भाजी केंद्राची पाटी वाचली. तिथेही भाकरीचा भाव पोळीच्या वर होता. परत येऊन त्यांनी मावशींचा दर मान्य केला, आणि मान्य केल्याची भरपाई म्हणून त्यांना बटाव्हियाच्या कोंबड्यांची गोष्ट सांगितली. मावशींनी पीठ मळता मळता ती लक्षपूर्वक ऐकली. गोष्टीच्या शेवटी गृहस्थांनी विचारले, "तुमच्या मुलांना देता ना भाकरी?"

"माझी पोरं? हात लावत न्हाईत. शाळेच्या डब्यात पाव न्हाईतर नूडल लागतं."

"अहो, मग आत्ता सांगितलं ना मी, कोंबड्यांनासुद्धा कळलं..."

"दादा, गावाकडं कोंबड्यांला बी आता गोणीतलं खाद्य असतंय."

गृहस्थ गप्प बसले. भाकरी टम्म फुगली. पहिले काही दिवस घरात उत्सव होता. भाकरी-पिठले, भाकरी-ठेचा, भाकरी-मटकीची उसळ. गृहस्थांनी ताटाचे फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकले. बोस्टनमधल्या एका वर्गमित्राने कळवले की तिकडे याला प्राचीन धान्य म्हणतात आणि छोटी पिशवी डॉलरमध्ये विकतात. ते वाचून भाकरी आणखी गोड लागली.

मग मावशी जत्रेला गावी गेल्या.

पहिल्या संध्याकाळी सौभाग्यवतींनी जाहीर केले की त्यांना पोळी येते, भाकरी येत नाही, आणि त्यांच्या माहेरी कोकणात तांदळाची भाकरी करतात, ज्या तांदळावर या घरात बंदी आहे. मातोश्रींचे खांदे दुखत होते. कन्येची परीक्षा होती. नसती तरी असतीच. गृहस्थांनी बाह्या सरसावल्या. इतके वाचन झालेल्या माणसाला एक भाकरी काय अवघड? त्यांना ज्वारीत ग्लूटेन नसते हे माहीत होते, म्हणून पीठ चिकटत नाही हेही माहीत होते. परातीतल्या पिठाने ते सगळे खरे करून दाखवले. पहिली भाकरी परातीतून उचलताना तुटली. दुसरी उचलली गेली, पण तव्यावर पडली ती तीन तुकड्यांत. तिसरी गृहस्थांच्या तळहातालाच चिकटून राहिली आणि त्यांनी हात झटकल्यावर फ्रीजवरच्या सतरा सूत्रांवर जाऊन बसली. दिवाणावरून मातोश्री म्हणाल्या की पिठाची विरी गेली असेल. सौभाग्यवती म्हणाल्या की पीठ परवाच दळून आणले आहे, गेलीच असेल तर दुसऱ्या कुणाची तरी गेली असेल.

गृहस्थांनी पिठाच्या हाताने मावशींना फोन लावला. पलीकडे ढोल-ताशे वाजत होते.

"मावशी, भाकरी तुटतेय!"

"पाणी गरम घेतलं का?"

"कडकडीत."

"मळलं किती?"

"मळलं की. चांगलं दोन मिनिटं."

"दोन मिनिटांत नूडल हुतंय दादा!" मावशी ढोलाच्या वर ओरडल्या. "चांगलं रगडा, हात दुखंस्तवर!"

गृहस्थ आणखी काही विचारणार तेवढ्यात मातोश्रींनी उठून फोन हातातून काढून घेतला.

"बाई, ते ऱ्हाऊ दे. जत्रा कधी संपती ते सांग आधी. सकाळपासनं हा मला ओट्स चारतोय."